लक्ष्मीबाई टिळक : नवऱ्याचा धर्म आणि स्वतःची श्रद्धा

मागच्या व्याख्यानात आम्ही 'श्रद्धा' या शब्दाची बरीच चिरफाड केली होती. ज्यांनी ते ऐकले नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की 'श्रत्' आणि 'धा' असे या शब्दाचे दोन तुकडे आहेत आणि 'धा' म्हणजे ठेवणे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेचे स्वतंत्र सूक्त आहे, गीतेचा सतरावा अध्याय तर श्रद्धेच्या प्रकारांपासूनच सुरू होतो. आमचे म्हणणे असे होते की श्रद्धा ही मनात पडून असलेली वस्तू नाही, ती ठेवावी लागते. ती एक क्रिया आहे.

सभा संपली, चहा झाला, आणि निघता निघता एक बाई थांबल्या. साठीच्या आसपासच्या. म्हणाल्या, "सर, ठेवणं वगैरे समजलं. पण आमच्याकडे चार पिढ्यांची भिक्षुकी. पहाटे उठून सोवळ्याचा स्वयंपाक मी करते, पूजेची तयारी माझी, यजमान दारात आले की त्यांचं चहापाणी माझं. लोक नमस्कार ह्यांना करतात, ते ठीकच आहे. पण यातली माझी श्रद्धा किती आणि ह्यांची किती? मी कधी वेगळी काढलीच नाही हो!"

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे फळ्यावर मांडले, खोडले, पुन्हा मांडले. या प्रश्नाला उत्तर सुचले नाही. "पुढच्या वेळी सविस्तर बोलू" असे म्हणून आम्ही चप्पल शोधू लागलो. मास्तरांची ही जुनी पळवाट. तर आज ते सविस्तर बोलायचं आहे, आणि त्यासाठी आम्हाला आधार सापडला तो लक्ष्मीबाई टिळकांचा, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नीचा.

रत्नागिरीत 'टिळक' म्हटले की माणूस टिळक आळीकडे बोट दाखवतो. लोकमान्यांचा जन्म तिथला, १८५६ चा. हे टिळक दुसरे. पण तेही आपल्याच जिल्ह्यातले. करजगावात १८६१ साली जन्मले. 'फुलांमुलांचे कवी' म्हणून आपण त्यांना शाळेत शिकलो. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही त्यांची भजने गातात, आणि ती संख्येने शेकड्यांत आहेत. पण आजचा विषय ते नाहीत. विषय त्यांच्या घरात स्वयंपाक करणारी बाई आहे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. धर्मोपदेशकाची पत्नी हे स्थान ख्रिस्ती जगात सगळीकडे नाही. रोमन कॅथलिक धर्मगुरू लग्न करत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. मार्टिन ल्यूथरने १५२५ साली कॅथरिना फॉन बोरा या मठ सोडून आलेल्या जोगिणीशी लग्न केले आणि प्रॉटेस्टंट पंथात या स्थानाला एक ठळक रूप मिळाले. विटेनबर्गच्या जुन्या मठात त्यांचा संसार होता. ल्यूथर जगाशी वाद घालत होता; कॅथरिना गुरेढोरे, शेती, बिअर गाळणे आणि पैसे देऊन राहणारे विद्यार्थी सांभाळत होती. ल्यूथर पत्रांतून थट्टेने तिला पुरुषासारखे 'श्रीयुत' लावी. थट्टा होती, पण घर कोण चालवतं हे त्याला ठाऊक होतं.

तेव्हापासून पाळकाच्या पत्नीचे काम जवळपास ठरून गेले आहे. मंडळीतल्या बायकांची सभा, मुलांची रविवारची शाळा, आजाऱ्यांना भेटी, आणि घरी वेळी-अवेळी येणारे पाहुणे. नेमणूक नाही, पगार नाही, तरी काम चुकवता येत नाही. भिक्षुकाच्या घरात, कीर्तनकाराच्या घरात, मठपतीच्या घरात याहून वेगळे काय असते? आमच्या त्या बाईंचा प्रश्न एका धर्माचा नाहीच.

लक्ष्मीबाईंचे वेगळेपण असे की त्या पाळकाच्या पत्नी व्हायला निघाल्याच नव्हत्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही मनकर्णिका, जन्म १८६८. माहेरी सोवळे असे कडक की बाहेरून आलेली वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय घरात यायची नाही. वडिलांना त्याचे अक्षरशः वेडच होते. अकरा-बारा वर्षांची असताना लग्न झाले आणि ती टिळकांची लक्ष्मी झाली. टिळक विद्वान, कवी, मनाने उदार आणि संसाराला अगदी निकामी. आज या गावी नोकरी, उद्या त्या गावी. न सांगता घरातून निघून जायचे आणि तसेच परत यायचे. हातात पैसा आला की दुसऱ्याच्या हातात जायचा. सामान आणायला पाठवलेला हा माणूस नक्षीची दौत घेऊन घरी परततो, हा 'स्मृतिचित्रां'तला प्रसंग अनेकांना आठवत असेल. बायकोला लिहायला-वाचायला मात्र त्यांनीच शिकवले. ही गोष्ट पुढे त्यांना महागात पडली असे आम्ही वर्गात म्हणत असू, कारण त्याच अक्षरांनी तिने त्यांना आपल्या पुस्तकात पुरते पकडले.

राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने टिळकांच्या हाती बायबल ठेवले. तिथून सुरू झालेला विचार १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्म्यापर्यंत पोचला. बायको तेव्हा आपल्या माणसांत होती. तिच्यावर काय कोसळले असेल! नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. ती सधवा आहे, पण संसार नाही. पदरी लहान मुलगा. पुढची चार-पाच वर्षे ती बहिणीच्या आधाराने राहिली. त्यातला बराच काळ पंढरपुरात गेला. याच दुःखात त्यांनी कविता लिहिल्या, हे लक्षात ठेवा. लेखणी हातात आली ती हौसेने नव्हे.

इथे कायद्याची एक बाजू सांगायला हवी, ती सहसा कोणी सांगत नाही. १८६६ च्या एका कायद्याने अशी सोय केली होती की हिंदू माणूस ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने जोडीदार नांदायला तयार नसेल, तर त्याला कोर्टातून विवाह मोडून घेता येत असे. म्हणजे टिळकांना मोकळे होण्याची वाट सरकारने बांधून ठेवली होती. ते त्या वाटेने गेले नाहीत. पत्रे लिहीत राहिले, भेटायला येत राहिले, वाट पाहत राहिले. टिळकांचा आम्हाला ज्या ज्या ठिकाणी राग येतो तिथे तिथे आम्ही ही गोष्ट आठवतो.

शेवटी लक्ष्मीबाई नवऱ्याकडे नगर भागात आल्या. पण कशा आल्या? त्या आल्या ब्राह्मण म्हणूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे-ओवळे जसेच्या तसे. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात! आजूबाजूची ख्रिस्ती मंडळी काय म्हणत असतील याची कल्पना करा. आणि टिळकांनी, ज्यांना कसलाच धीर नव्हता त्या टिळकांनी, इथे मात्र धीर धरला.

आता आमच्या विषयाचा गाभा. सामान्यतः गोष्ट अशी सांगितली जाते: नवरा ख्रिस्ती झाला, बायको आधी रडली, मग तीही ख्रिस्ती झाली. हे खरे आहे आणि तरी चूक आहे. लक्ष्मीबाईंनी एक निर्णय घेतलाच नाही, तीन घेतले, आणि प्रत्येकाच्या मध्ये अंतर ठेवले. पहिला निर्णय नवऱ्याकडे जाऊन राहण्याचा. दुसरा जात सोडण्याचा. तिसरा बाप्तिस्म्याचा, तो १९०० साली. यातला मधला निर्णय आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो त्यांनी हिंदू असतानाच घेतला. कोणी उपदेश केला म्हणून नव्हे, एकटीने विचार करून. विचारही साधा: माणसामाणसातले हे भेद देवाने केले की माणसाने? देवाने केले असते तर ते जनावरांच्या जातींसारखे अंगावर दिसले असते. दिसत नाहीत, म्हणजे ते माणसाचे. मग ते पाळायचे कशाला? संपले. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी चालेल.

फळ्यावर लिहिला तर हा युक्तिवाद तीन ओळींत मावतो. तर्कशास्त्राचा परीक्षक त्यात खोटही काढील. पण ज्या बाईच्या माहेरी बाहेरची वस्तू धुवून घरात येत होती तिच्यासाठी या तीन ओळींची किंमत काय होती, ते परीक्षकाला कळायचे नाही.

आम्हाला ते थोडेफार कळते ते आमच्या आजीमुळे. रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकाराने सहभोजने सुरू झाली, १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी बांधलेले पतितपावन मंदिर सर्वांना खुले झाले, हा इतिहास इथे बसलेल्या सगळ्यांना पाठ आहे. आमची आजी एका सहभोजनाला गेली होती. आजोबांनी नेले म्हणून गेली. पानावर बसली, जेवली, चारचौघांत हसून बोलली. आणि घरी येऊन विहिरीवर गेली न् डोक्यावरून चार घागरी ओतून घेतल्या. आजोबा काही बोलले नाहीत. आजी म्हातारपणी हे आम्हाला सांगायची आणि म्हणायची, "मनाला पटलं होतं रे, अंगाला पटलं नव्हतं." आजोबांचा निर्णय आजीने पाळला, स्वतःचा केला नाही. लक्ष्मीबाईंनी तो आजीच्या तीस वर्षे आधी, कुठले मंदिर नाही, कुठली परिषद नाही, टाळ्या वाजवायला कोणी नाही, अशा स्थितीत आपल्याच चुलीजवळ घेतला. आजीला आम्ही कमी लेखत नाही. ती जेवली, तेवढेही त्या काळी पुष्कळांना जमले नाही. फरक दाखवतो आहोत, इतकेच.

कोणी म्हणेल, आणि आमच्याच एका माजी विद्यार्थिनीने म्हटले आहे, "सर, या बाईला निवड होती कुठे? १८९९ सालची ब्राह्मण बाई, नवरा ख्रिस्ती झालेला. दुसरं लग्न नाही, उत्पन्न नाही. नवऱ्याकडे जाण्यावाचून करणार काय?" आक्षेप बरोबर आहे. याच सुमारास, १८९६ मध्ये, अमेरिकेत विल्यम जेम्स विश्वास ठेवण्याच्या इच्छेवर व्याख्यान देत होता. त्याचे म्हणणे असे, की काही निवडी टाळताच येत नाहीत; न निवडणे हीसुद्धा एक निवडच ठरते. जेम्सपुढे शिकले-सवरले, आपली उपजीविका असलेले तरुण बसले होते. लक्ष्मीबाईंसारखी बाई त्याच्या डोळ्यांसमोर नसावी. नवऱ्याकडे जाणे ही त्यांच्यासाठी जेम्सच्या अर्थाने अटळ निवड होती, मान्य. पण जात सोडणे अटळ नव्हते! त्या मरेपर्यंत वेगळी चूल मांडून राहू शकल्या असत्या. टिळकांची सक्ती नव्हती. जिथे सक्ती नव्हती तिथे त्यांनी पाऊल टाकले, म्हणून ते पाऊल त्यांचे. आणि मग बाप्तिस्मा घेताना त्या नवऱ्याच्या मागोमाग गेल्या असे म्हणता येत नाही. त्या आपल्या वाटेने तिथे पोचल्या. नवरा तिथे आधीच उभा होता, हा भाग वेगळा.

मग सुरू झाला तो पाळकाच्या पत्नीचा संसार. घरात अनाथ मुले. प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची उस्तवार. टिळक वाटेत भेटेल त्याला जेवायला घेऊन येणार. बालकवी ठोंबरे, तेव्हा कोवळा पोरगा, टिळकांच्या घरी नगरला राहिला. त्याला लक्ष्मीबाईंनी मुलासारखे सांभाळले. आपण बालकवींच्या निसर्गाची वाहवा करतो. त्या दिवसांत त्यांच्या पुढ्यात वेळेवर ताट कोण ठेवत होतं, हे समीक्षेच्या पुस्तकात येत नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. कल्पना भव्य, यात शंका नाही. पण गृहिणीच्या बाजूने पाहा. ठरलेला पगार गेला आणि नवरा दुसऱ्यांदा हातातून निसटला, या खेपेस तर शेजारच्या खोलीत बसून.

मराठी मुलखात अशा बायकांची एक रांगच आहे. तुकोबांच्या घरी जिजाई. तिला आपण कजाग ठरवून मोकळे झालो. विठ्ठलाला शिव्या देणारी, भाकरी घेऊन डोंगर चढणारी. दुष्काळात पोरांना काय घालायचं हा तिचा प्रश्न होता, आणि त्याला अभंगात उत्तर नव्हते. जिजाईने आठवणी लिहिल्या असत्या तर? त्या कशा झाल्या असत्या याचा अंदाज आम्हाला 'स्मृतिचित्रे' वाचताना येतो. जवळच्या काळात रमाबाई रानडे आहेत. त्यांच्या आठवणी १९१० मध्ये आल्या, अतिशय सुंदर आहेत. पण तिथे न्यायमूर्ती देव्हाऱ्यात आहेत आणि रमाबाई समोर हात जोडून. आपल्या देवरूखच्या जोश्यांची गोदूबाई, म्हणजे धोंडो केशव कर्व्यांच्या बाया, यांनी 'माझे पुराण' लिहिले. त्या हात जोडत नाहीत. नवऱ्याने सगळे संस्थेला दिले आणि घराला काय उरले, ते रोखठोक सांगतात. लक्ष्मीबाई या दोघींपेक्षा वेगळे काही करतात. त्या हसतात.

हे हसू नीट समजून घेतले पाहिजे. पुष्कळ वाचक 'स्मृतिचित्रे' विनोदी पुस्तक म्हणून वाचतात, काही जण धर्मांतराची साक्ष म्हणून. आम्हाला दोन्ही वाचने अपुरी वाटतात. टिळकांचा तापट स्वभाव, विसरभोळेपणा, न सांगता जाणे, हे सगळे त्या लिहितात. लपवत नाहीत, गोडही करत नाहीत. पण त्याच पानावर स्वतःची फजितीही तितक्याच चवीने सांगतात. स्वतःचा धांदरटपणा, स्वतःचे सोवळे, स्वतःचे रुसवे. दुसऱ्याला हसणे सोपे असते. स्वतःच्या सर्वांत वाईट दिवसांना हसण्यासाठी स्वतःपासून दोन पावले दूर उभे राहावे लागते. धार्मिक भाषेत याला नम्रता म्हणतात आणि ती उपवासाने येईलच असे नाही. आनंद म्हणजे दुःख संपल्यावर मिळणारी सुटी, अशी आमची तरुणपणी समजूत होती. या पुस्तकात दुःख संपत नाही. मुले दगावतात, पैसा नसतो, नवरा १९१९ मध्ये जातो. आनंद त्याच्या शेजारीच बसलेला असतो, चुलीवर काहीतरी करपत असताना.

टिळकांचा आनंद भजनातला, भरून वाहणारा. लक्ष्मीबाईंचा आनंद निरीक्षणातला. तो पुढ्यातल्या माणसाकडे नीट बघण्यातून येतो: हा पाहुणा, हे पोर, हा वेडा नवरा. देवावर श्रद्धा म्हणजे तरी निराळे काय असते, असे आम्ही अलीकडे स्वतःलाच विचारतो. फळ्यावरच्या पुराव्यांत हे कधी आले नव्हते.

पुस्तक कसे झाले तेही मजेचे आहे. मुलगा देवदत्त याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्याने आईकडे आठवणी मागितल्या. आई लिहू लागली आणि चरित्राऐवजी मराठीतले एक श्रेष्ठ आत्मचरित्र झाले. १९३४ पासून त्याचे भाग येऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. त्याआधी आणखी एक काम त्यांनी हाती घेतले होते. येशूचे चरित्र ओवीबद्ध करायला टिळकांनी घेतले होते, 'ख्रिस्तायन'. ते सुरुवातीच्या अध्यायांतच थांबले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. धुळाक्षरे ज्याच्याकडून शिकल्या त्याचेच अर्धे राहिलेले काम, आणि भाग त्यांचा कितीतरी मोठा. इथे मात्र 'माझी किती आणि ह्यांची किती' हे मोजता येतं, अध्याय मोजून.

त्या बाई आज इथे आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मध्यंतरी आम्ही त्यांना 'स्मृतिचित्रे' पाठवले होते. परवा त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "सर, दोन भाग झाले वाचून. ह्यांनाही मोठ्याने वाचून दाखवते, तेही हसतात. पण सोवळं अजून नेसते हं मी. फक्त गेल्या सोमवारी पहिल्यांदा विचार केला, की हे मी कोणासाठी नेसते. नैवेद्य दाखवायला उशीर झाला त्या नादात."

यजमान खोळंबले असतील. असो. त्यांना काही विचारायचं आहे असं दिसतंय, तेव्हा माइक आधी तिकडे द्या.